पाठपुरावा

दुपारी अडीच ते साडेचार माझं काम फोनचं.
तळमजला, रेकॉर्ड रूम, कण्हत फिरणारा पंखा,
समोर जाड रजिस्टर. पिशवीचा कॅन्सर, पिशवीच्या तोंडाचा,
अंडाशयाचा. दर पानावर सोळा जणी
आणि उजवीकडे चार अरुंद रकाने:
जिवंत, आजार नाही. जिवंत, आजार आहे.
मयत.
संपर्क झाला नाही.

डॉक्टरांना टक्के लागतात. ते मी काढत नाही.
मी फक्त नंबर फिरवते.

नाना पेठेत रेहाना अत्तार.
"राँग नंबर," म्हणते एक बाई, मग जरा थांबून,
हळू आवाजात, "तुम्ही कोण?"
घरात सांगितलेलं नसतं कुणीकुणी.
म्हणून मी हॉस्पिटलचं नाव आधी घेत नाही,
ओळखीची आहे म्हणते. ते खोटंही नाही.
फाइलमुळे मला सगळं ठाऊक असतं: बाळंतपणं किती,
पाळी कधी गेली,
अंगावरून किती महिने जात होतं
आणि किती महिने तिनं ते अंगावर काढलं.
हे दोन शब्द आपल्या भाषेत
इतके शेजारी शेजारी का राहतात, कोण जाणे.

माझी स्वतःची तपासणी?
दुसऱ्या मजल्यावर होते, स्टाफला फुकट.
पुढच्या महिन्यात करीन म्हणते. तीन वर्षं झाली.

भोसरीला फिलोमिना लोंढे. मुलगा उचलतो.
"मम्मी गेली. फेब्रुवारीत."
तारीख विचारावी लागते, तारखेला जागा आहे.
"थांबा," म्हणतो,
आणि मला ऐकू येतं, तो कॅलेंडर उलटतोय,
मागच्या वर्षीचं, अजून खिळ्यावर असलेलं.

मार्केट यार्डात केशर धुमाळ:
"बोल पटकन, माल उतरतोय."
तब्येत बरी ना, पाच वर्षं झाली.
"झाली ना? मग डॉक्टरणीला सांग,
लघवीला जळजळतं अजून. डावा पाय
संध्याकाळी भोपळ्याएवढा होतो.
नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो, मीच पाठवलाय.
बाकी गाठबीठ काही नाही.
याला काय म्हणता तुम्ही लोक?"
याला आम्ही पहिला रकाना म्हणतो, केशरताई.
तो एवढाच रुंद आहे, एक बरोबरची खूण मावते.
मी खूण करते. ती ओरडते, मला नाही, हमालाला,
मग मला: "कोथिंबीर नेतेस का? आज मातीमोल आहे."

वेल्ह्याच्या पुढे, हौसाबाई रेणुसे.
पंचवीस दिवसांचा शेक पुरा. आतून द्यायची लाईट
तीनदा ठरली, एकदा झाली.
न येण्याचं कारण, कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात: भातलावणी.
फोन बंद.
नियम तीनदा लावायचा आहे, मी अकरा वेळा लावलाय.
कारण चौथ्या रकान्यात लिहिली की बाई
ना जगलेल्यांत मोजतात, ना मेलेल्यांत.
हिशोबातून ती नुसती उठून जाते,
जशी घरातून उठून आली होती,
कुणाला फारसं न सांगता.

आज साडेचारला कुलूप शोधत होते तेव्हा वाजला.
अनोळखी नंबर. आधी नुसता वारा,
मग बाईचा की पुरुषाचा कळू नये असा घोगरा आवाज:
"तुमी सारका फोन लावताय म्हनं.
खाली रेंज न्हाय, टेकाडावर आलोय समदी."
मी विचारलं, कोण बोलतंय?
"मी हौसाबाईच"

आणि तुटला.

परत लावला. बंद.
स्वारगेटची बस गेली, दुसरीही गेली.
मी ते शेवटचं अक्षर कानात फिरवत बसले आहे:
च इथंच संपला असेल, तर ती.
च ला काना असेल, तर तिचा मुलगा. किंवा दीर.
पेन मिटवून ठेवलं.
पेन्सिलीनं, रकान्यांच्या बाहेर, समासात,
तेवढंच एक अक्षर लिहिलं,
काना न देता.